म्हातारीचे कोण करते?

आपल्या डोलवी-वडखळच्या बाजूला कोणी आजाऱ्याचा समाचार घ्यावयास गेले, की चहा होण्यापूर्वी एक प्रश्न हटकून विचारला जातो : “म्हातारीचं कोण करतं?” काय करावे लागते, हे कोणी विचारीत नाही, ते सर्वांना ठाऊक असते. अंग पुसणे, कूस बदलणे, पेज भरविणे, औषधाच्या वेळा सांभाळणे, रात्री तीनतीनदा उठणे, आणि जे चारचौघांत बोलत नाहीत ते सारे. या कामाला मराठीत सेवा, शुश्रूषा, उस्तवार असे चांगले शब्द आहेत. पण घरात ते काम करणारीला नाव नाही. ती नुसती ‘करणारी’. मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, तेव्हा किल्ले आणि लढाया बाजूला ठेवून या करणारीचा इतिहास लिहावयाचे मी ठरविले. तिच्या त्यागाचे गोडवे पुष्कळांनी गायिले आहेत, त्यांत माझी भर नको. तिच्या पदरात आजवर काय पडले आणि आज काय पडू शकते, एवढाच माझा विषय.

जुन्या एकत्र कुटुंबातील तिचा मोबदला एका शब्दात सांगता येईल : अन्नवस्त्र. कोर्टकचेरीतही हाच शब्द चाले. घरातील विधवेला कुटुंबाच्या मिळकतीतून पोटापुरते अन्न आणि अंगापुरते वस्त्र मिळावे, एवढा हक्क धर्मशास्त्र आणि इंग्रजी अंमलातील न्यायालये मान्य करीत. घरात कोणी अंथरुणाला खिळले, की बहुधा हीच विधवा उशाशी बसावयाची. तिला वेगळा संसार नव्हता, आणि ‘हिला दुसरे काम काय?’ हे वाक्य तयारच असे. १९३७ साली हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा कायदा झाला आणि विधवेला नवऱ्याच्या वाट्यावर हयातीपुरता हक्क आला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने ती अशा मिळकतीची पूर्ण मालकीण झाली. ही मोठी मजल होती, यात शंका नाही. तथापि बारकाईने पाहिले तर ध्यानात येते, की प्रत्येक कायद्यात तिचा हक्क नात्यावरून ठरला : कोणाची पत्नी, कोणाची विधवा, कोणाची मुलगी. तिने सासऱ्याचे अकरा दिवस केले की अकरा वर्षे, याला वारसाच्या काट्यावर वजन नव्हते, आणि आजही नाही.

शुश्रूषा ही शिकून करावयाची विद्या आहे, तिला वेतन असावे, हा विचार आपल्याकडे गेल्या शतकाच्या आरंभी रुजला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता स्वतःच प्लेगाने गेल्या, हे आपण शाळेत शिकलो आहोत. रमाबाई रानडे यांनी न्यायमूर्तींची शेवटच्या आजारात, म्हणजे जानेवारी १९०१ पर्यंत, घरी शुश्रूषा केली आणि पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले. तेथे स्त्रियांना, त्यांतही विधवांना, इतर शिक्षणाबरोबर परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. अनेकींच्या आयुष्याचे त्याने सोने झाले. पण याचीच एक गंमत अशी, की तेव्हापासून एकाच कामाच्या दोन किमती झाल्या. इस्पितळातील खाटेशी उभी राहणारी परिचारिका, तिला पगार, गणवेश आणि पुढे निवृत्तिवेतनही. घरातील खाटेशी बसणारी मात्र जेथल्या तेथे राहिली.

आपल्या जिल्ह्याची गोष्ट, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याची, आणखी निराळी. पुरुषमाणसे धरमतरच्या बंदरातून मुंबईस गेली, गिरणीत किंवा गोदीत लागली. खारेपाटातील भातशेती, उधाणाने फुटणारे बांध, गुरे आणि म्हातारी माणसे बायकांकडे राहिली. मुंबईहून मनीऑर्डर येई ती सासऱ्याच्या नावाने. तो अंथरुणाला खिळला, की पोस्टमन फॉर्म घेऊन आत येई. सासऱ्याला पाठीशी टेकू देऊन बसविणारी, त्याच्या अंगठ्याला शाई लावून तो कागदावर टेकविणारी सूनच असे. कागदावर ठसा मात्र त्याचा. माझ्या लहानपणी मी हे पाहिले आहे, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

मुंबईच्या गिरणीतील बाईकडे सरकारचे लक्ष त्या मानाने लवकर गेले. मुंबई इलाख्याने १९२९ साली प्रसूतीच्या काळात साहाय्य देणारा कायदा केला. हिंदुस्थानात असा तो पहिलाच. १९२८ साली कौन्सिलात हे विधेयक आले असता डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशा आशयाचे भाषण करून त्याला पाठिंबा दिला होता. पुढे १९६१ साली सर्व देशासाठी कायदा झाला आणि २०१७ साली प्रसूतीची भरपगारी रजा २६ आठवड्यांवर गेली. २०१८ पासून राज्य शासनाच्या सेवेतील स्त्रियांना १८० दिवसांची बालसंगोपन रजाही मिळू लागली. (मी तोपर्यंत शाळेतून निवृत्त झाले होते, माझी मुले शेजारणीच्या ओटीवर वाढली.) हे सर्व स्वागतार्ह आहे. पण ज्या बाईचे नाव हजेरीपटावर किंवा पगारपत्रकावर आहे, तिच्यासाठीच ते आहे. लावणीच्या चिखलातून उठून दुपारी सासूला पेज पाजावयास येणारीची रजा कोणी मंजूर करावयाची?

स्वातंत्र्यानंतर शासनाचा हात प्रथम निराधारांपर्यंत पोचला. १९८० साली आपल्याच जिल्ह्याचे बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री झाले. कुलाब्याचे नाव रायगड झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत, १९८१ मध्ये. संजय गांधी निराधार अनुदान योजनाही त्यांचीच. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, तसेच पक्षाघात, कर्करोग, क्षय अशा दुखण्यांनी खचलेली गरीब माणसे यांना त्या योजनेतून दरमहा अनुदान मिळते. पासष्ट वर्षांवरील वृद्धांसाठी पुढे जी योजना आली तिचे नाव श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. दोन्ही योजनांची रक्कम २०२३ साली १,००० रुपयांवरून १,५०० रुपये झाली. दिव्यांगांसाठी ती ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये करण्यात आली. उत्पन्नाची मर्यादा सर्वसाधारणपणे कुटुंबाला वर्षाला २१,००० रुपये, दिव्यांगांसाठी ५०,०००. भगिनींनो, वर्षाला २१,००० रुपयांत कोणते कुटुंब जगते, हा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल.

पण मला थांबावेसे वाटते ते त्या नावापाशी. श्रावणबाळ कोण? अंध आईबापांना कावडीत बसवून काशीयात्रेस नेणारा मुलगा. कावडीचा दांडा होता त्याच्या खांद्यावर. योजनेला नाव त्याचे दिले, आणि पैसे दिले कावडीत बसलेल्यांना! वृद्धांना पैसे मिळू नयेत असे मी म्हणत नाही. त्यांना ते मिळालेच पाहिजेत, आणि जास्त मिळाले पाहिजेत. परंतु खांद्याला पडलेल्या घट्ट्याची नोंद कोणत्याच रकान्यात नाही. शिवाय आपल्या घरांतून श्रावणबाळ हा बहुतेक वेळा मुलगा नसतो. तो असतो सून, आणि सून नसेल तेथे माहेरी परत आलेली लेक.

आता सुनेचेच पाहा. आईबापांना पोसण्याची जबाबदारी मुलांवर आहे, हे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमात होते. तीच तरतूद आता २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. मुलाप्रमाणे विवाहित मुलीवरही ही जबाबदारी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली कल्याणच्या एका डॉक्टर भगिनीच्या खटल्यात ठरविले. २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा खास कायदा झाला. त्याखाली वृद्धांना प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि दरमहा १०,००० रुपयांपर्यंत पोटगी ठरविता येते. आपल्या तालुक्याला त्यासाठी अलिबागेस जाण्याचे कारण नाही. प्रांत कचेरी पेणलाच आहे. या कायद्यात ‘अपत्य’ कोणास म्हणावे याची व्याख्या दिली आहे : मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्या यादीत नाही. म्हणजे गंमत अशी, की सासूसासऱ्यांचे करणे हे, एक विधवा सुनेकडे आलेल्या मिळकतीचे प्रकार सोडले तर, सुनेचे कायदेशीर कर्तव्यच नव्हे. जे कर्तव्य नाही त्याची जबाबदारी नाही, आणि म्हणूनच की काय, त्याचा हक्कही नाही. तरी सारे गाव तिलाच विचारते.

लेकीचे दुःख वेगळे. तिला हक्क आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच मुलाच्या बरोबरीची वाटेकरी झाली, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. पण माझ्या पाहण्यातील एक भगिनी सांगते. ती आज हयात नाही, नाव-गाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तरुणपणी माहेरी परत आलेली, भाऊ तीन. आईला पक्षाघात झाल्यावर नऊ वर्षे तिने आईचे केले. भावजया येत, लाडू-फराळ देऊन जात. आई गेली, आणि तेराव्याच्या दिवशी, अजून अंगणातला मांडव उतरला नव्हता तोच, मोठ्या भावाने हक्कसोडपत्राचा कागद तिच्यापुढे ठेवला. “तुला आम्ही टाकणार आहोत का?” असे म्हणाला. तिने सही केली. त्या भावांनी तिला टाकले नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. जेवण मिळत होते, लुगडे मिळत होते. म्हणजे १९३७ च्या पूर्वीचे अन्नवस्त्र! पुढे जमिनीला भाव आला, तेव्हा भावांचे जुने घर पडून नवे झाले. तिला जिन्याखालची खोली मिळाली. मी तिला एकदा विचारले, सही का केलीस? ती म्हणाली, “बाई, नऊ वर्षं झोप नव्हती. त्या दिवशी कोणी काहीही पुढे ठेवलं असतं तरी मी सही केली असती.”

या बोलण्यातले मर्म कायदे करणाऱ्यांच्या ध्यानात येते की नाही, मला माहीत नाही. करणारी बाई दमलेली असते. हक्क मागण्यास जो वेळ आणि जे बळ लागते, नेमके तेच तिच्याजवळ उरलेले नसते.

घरातील बाईच्या कामाची किंमत न्यायालयांनी केली आहे, पण कोठे? अपघाताच्या दाव्यात, तिच्या मृत्यूनंतर. जमशेदपूर येथे १९८९ साली झालेल्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या सेवेचे मोल महिना ३,००० रुपये धरले. २०१० च्या एका निकालात तर न्यायमूर्तींनी खेदाने नमूद केले, की २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या स्त्रियांना भिकारी, वेश्या व कैदी यांच्या पंगतीला, म्हणजे काही न मिळविणाऱ्यांत, बसविले होते. आपल्या दारावरून मुंबई-गोवा रस्ता जातो. त्यावर एखादी बाई गेली, तर तिने घरात काय काय केले याचा तपशीलवार हिशेब वकील मांडतो. तीच जिवंत असेपर्यंत तिला तो कोणी मागत नाही.

करणारीला कायद्यात प्रथम नाव मिळाले ते २०१६ साली, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या अधिनियमात. काळजी घेणारी व्यक्ती म्हणजे आईवडील व कुटुंबातील इतर माणसे धरून, मोबदला घेऊन किंवा न घेता जी दिव्यांगाची काळजी घेते ती, असे त्यात म्हटले आहे. ‘मोबदला न घेता’ हे शब्द वाचून मला फार बरे वाटले. त्याच अधिनियमाच्या २४ व्या कलमात, ज्यांना फार आधार लागतो अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची योजना सरकारने करावी, असे आहे. पण ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ ही पळवाट आहे, आणि भत्ता द्यावयाचा तो दिव्यांग व्यक्तीला. प्राप्तिकरातही हीच तऱ्हा. जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्याला घरातील दिव्यांगासाठी ७५,००० रुपयांची, आणि अपंगत्व तीव्र असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते, म्हणजे सूट कमावणाऱ्याला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांच्या आयांनी मात्र १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याची माहिती अवश्य करून घ्यावी. त्याखाली निरामय नावाचा एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा आहे, आणि मूल सज्ञान झाल्यावर त्याचे पालकत्व कायद्याने मिळविण्याची सोयही आहे. ‘माझ्यामागे याचे कोण करील?’ हा प्रश्न ज्या आईला रात्री झोपू देत नाही, तिला या पालकत्वाचे महत्त्व सांगावयास नको.

इतर ठिकाणी काय झाले? ब्रिटनमध्ये नोकरी सोडून अपंगाची काळजी घेणाऱ्यास १९७६ पासून सरकारी भत्ता मिळू लागला. पण विवाहित स्त्रियांना तो नाकारला होता. कारण काय, तर त्या तशाही घरीच असतात! म्हणजे ‘हिला दुसरे काम काय?’ हे वाक्य केवळ आपल्याच ओटीवरचे नव्हे. जॅकलिन ड्रेक नावाच्या बाईने नोकरी सोडून आपल्या आईचे केले, भत्ता मागितला आणि तो नाकारल्यावर ती युरोपच्या न्यायालयापर्यंत गेली. १९८६ साली तिच्या बाजूने निकाल झाला. आपल्या देशात केरळने २०१० साली आश्वासकिरणम ही योजना काढली. अंथरुणाला खिळलेल्यांची घरी काळजी घेणाऱ्यास, होय, घेणाऱ्यास, महिना ६०० रुपये. रक्कम तुटपुंजी आहे आणि ती थकते अशा तक्रारीही आहेत. तरीही कागदावर नाव करणारीचे आहे. त्याच राज्यात १९९९ च्या सुमारास मलप्पुरमच्या बाजूला शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच पथके करून अंथरुणावरच्या रुग्णांच्या घरी आठवड्यातून जाण्याची पद्धत सुरू केली, आणि पुढे सरकारने तिला आपल्या धोरणात घेतले. मला यातले हे दुसरे अधिक महत्त्वाचे वाटते. सहाशे रुपये आपल्या मंडळाला देता येणार नाहीत, पण दोन तास देता येतील.

आपल्या राज्यात जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दरमहा १,५०० रुपये पात्र स्त्रियांच्या खात्यावर येऊ लागले. ते काळजी घेण्याबद्दल नव्हेत, पण मनीऑर्डरवरचा सासऱ्याचा अंगठा मी पाहिलेला असल्यामुळे, स्वतःच्या खात्यावर पैसा येण्याची किंमत मी कमी समजत नाही. आईबाप नसलेल्या किंवा त्यांना सांभाळता येत नाही अशा मुलांना आजी, मावशी, काकू वाढवीत असेल, तर सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून मुलामागे महिना २,२५० रुपये मिळू शकतात. हे आपल्याकडे फारच थोड्यांना माहीत आहे.

२०१९ साली केंद्र सरकारने देशभर लोकांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. घरच्या माणसांची विनामोबदला काळजी घेणाऱ्यांत बाई दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देते आणि पुरुष ७६, असे तीत आढळले. मला या आकड्यांत एक उणीव दिसते. गावात १९९० नंतर पोलादाचा कारखाना आला, शिफ्टच्या नोकऱ्या आल्या, घरातली कर्ती माणसे वेळी-अवेळी बाहेर राहू लागली. आणि म्हातारीजवळ बसावयास कित्येकदा उरली ती दहा-बारा वर्षांची नात. लावणीच्या दिवसांत माझ्या हजेरीपटावर मुलींच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग लागे. कारण विचारले की उत्तर एकच : “आजीपाशी कोणी नव्हतं.” तिची मिनिटे त्या घरच्यांनीही मोजली नसतील.

आता कामाचे. आजारी माणसाचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र प्रथम काढून घ्यावे; पुढच्या बहुतेक वाटा तेथून निघतात. निराधार व श्रावणबाळ योजनेचे अर्ज पेणच्या तहसील कचेरीत द्यावयाचे. आधारकार्ड, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा आणि महाराष्ट्रात पंधरा वर्षे राहिल्याचा दाखला इतके जवळ असावे. सुनेने केले असेल आणि सासूसासऱ्यांना त्याची जाणीव असेल, तर त्यांनी शुद्धीत असताना आपल्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र तिच्या नावे करावे. त्याला दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही, केल्यास बरी. मुलाच्या नावे घर करून देणाऱ्या वृद्धांनी, आपला सांभाळ करण्याची अट त्या कागदात लिहून घ्यावी. अट मोडली तर २००७ च्या कायद्याच्या २३ व्या कलमाने तो व्यवहार रद्द करून घेता येतो. आणि हक्कसोडपत्र? सुतकात, तेराव्याला, किंवा वर्षश्राद्धापर्यंतसुद्धा कोणत्याही भगिनीने त्यावर सही करू नये. भाऊ चांगला असेल तर वर्षभर थांबेल.

मंडळाच्या कपाटात मी एक वही ठेवली आहे. तिच्यात चार रकाने आहेत : घर, अंथरुणावर कोण, कधीपासून, करणारी कोण. आमच्या आळीतील नावे मी घातली आहेत; बाकीच्या आळ्यांची ज्या त्या भगिनींनी घालावीत, आणि दर पंधरवड्याला कोणाकडे दोन तास बसावयास कोण जाणार, ते त्याच वहीत मागच्या पानावर लिहावे.